यंत्राचा उल्लेख नसलेली क्रमवारी अपुरी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत संगणकीय बुद्धिबळावर आलेला लेख आवडीने वाचला. विषय क्लिष्ट असूनही लेखकाने तो सर्वसामान्य वाचकाला कळेल असा मांडला आहे, याबद्दल त्यांचे अभिनंदन. तथापि लेखातील एका गृहीतकाशी मी सहमत होऊ शकत नाही, आणि शेवटी पालकांना महागडे ग्राफिक्स कार्ड घेण्याचा दिलेला सल्ला त्याच गृहीतकावर उभा असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. संगणक वेगवान झाला की त्यावर चालणारे सगळे बुद्धिबळ प्रोग्रॅम सारख्याच प्रमाणात बलवान होतात आणि म्हणून त्यांची आपसांतील क्रमवारी कोणत्याही यंत्रावर तीच राहते, असे लेखक धरून चालले आहेत. वेगामुळे सगळ्यांचा खेळ सुधारतो, हे निर्विवाद आहे. मात्र तो सारख्या प्रमाणात सुधारत नाही. आपण जिला प्रोग्रॅमची क्रमवारी म्हणतो, ती प्रत्यक्षात प्रोग्रॅम, यंत्र आणि विचार करायला दिलेला वेळ या तिघांची मिळून असते.

असे का होते, हे समजण्यासाठी प्रोग्रॅम चाल कशी शोधतो ते थोडक्यात पाहावे लागेल. डावाच्या मध्यात खेळणाऱ्यापुढे नियमात बसणाऱ्या सरासरी ३५ च्या आसपास चाली असतात. त्या प्रत्येकीला प्रतिस्पर्ध्याची तेवढीच उत्तरे, त्या उत्तरांना पुन्हा तेवढीच प्रत्युत्तरे, असा हा विस्तार आहे, आणि एका बाजूची एक खेळी म्हणजे एक पायरी धरली तर प्रत्येक पायरीला काम ३५ पट वाढते. अल्फा-बीटा नावाच्या छाटणीमुळे निर्णयात फरक न पाडणाऱ्या फांद्या पाहाव्याच लागत नाहीत. चालींचा क्रम चांगला लागला, तर ही वाढ ३५ च्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे सुमारे ६ पटींपर्यंत खाली येते. केवळ एवढ्या छाटणीवर चालणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमला एक पायरी पुढचे पाहायचे तर ६ पट वेगवान यंत्र लागे, आणि वेग दुप्पट झाला तरी त्याच्या पदरात अर्धी पायरीही पडत नसे. आजचे प्रोग्रॅम याहून कितीतरी धाडसी छाटणी करतात. आपली चाल सोडून देऊनही स्थिती चांगलीच राहते का, हे तपासून ते फांदी बंद करतात आणि यादीत मागे पडलेल्या चाली कमी खोलीपर्यंतच पाहतात. त्यामुळे त्यांच्या बाबतीत दर पायरीची वाढ २ च्या आसपास किंवा त्याहून कमी राहते, आणि वेग दुप्पट झाला की जवळजवळ एक पूर्ण पायरी हाती लागते. म्हणजे वेगाचे खोलीत रूपांतर करण्याचा प्रत्येक प्रोग्रॅमचा दर वेगळा आहे. क्रमवारी यंत्रागणिक बदलण्याचे पहिले कारण हेच.

त्यातही प्रत्येक पायरीचे मोल सारखे नसते. युनिक्स प्रणालीचे एक जनक केन थॉम्पसन यांनी बेल प्रयोगशाळेत जो कॉन्डन यांच्यासह 'बेल' नावाचे केवळ बुद्धिबळ खेळणारे यंत्र बांधले होते. सेकंदाला सुमारे १ लाख ६० हजार स्थिती तपासणाऱ्या या यंत्राने १९८० मध्ये लिंझ येथे संगणकांची जागतिक स्पर्धा जिंकली आणि १९८३ मध्ये अमेरिकेत मास्टर दर्जा मिळवला. थॉम्पसन यांनी त्याच्या एकेक पायरीने कमी-जास्त खोल पाहणाऱ्या आवृत्त्या एकमेकींशी खेळवून पाहिल्या. खालच्या पातळ्यांवर एका पायरीचा फायदा दोनशे एलो गुणांहून (खेळाडूचे बळ मोजण्याच्या प्रचलित पद्धतीतले गुण) अधिक भरला; वरच्या पातळ्यांवर तो कमी होत गेला. नंतरच्या काळात वेग दुप्पट म्हणजे ५० ते ७० गुण, असा एक ठोकताळा संगणकीय बुद्धिबळात रूढ झाला. ७० गुणांचा फरक म्हणजे शंभर डावांत सुमारे ६० गुण मिळणे. हा ठोकताळा वाईट नाही, पण तो सरासरीचा आहे. जलद डावांत वेग दुप्पट झाल्याचा फायदा याहून मोठा दिसतो, तर तासन्‌तास चालणाऱ्या डावांत तो बराच लहान होतो. लेखकाने या सरासरीलाच नियम मानले आहे.

विरुद्ध टोकाला जाऊन यंत्राला काहीच महत्त्व नाही असेही कोणी म्हणू नये, कारण इतिहास तसे सांगत नाही. १९८३ आणि १९८६ च्या जागतिक स्पर्धा रॉबर्ट हायट आणि सहकाऱ्यांच्या 'क्रे ब्लिट्झ'ने जिंकल्या, तो क्रे महासंगणकावर चालत असे. १९८९ मध्ये एडमंटन येथे विजेता ठरलेला 'डीप थॉट' तर खास बुद्धिबळासाठी घडवलेल्या चिपवर उभा होता. त्याच्या निर्मात्यांत फेंग-श्युंग श्यू आणि मरी कॅम्पबेल यांच्याबरोबर भारतीय वंशाचे थॉमस अनंतरामन होते. त्याच परंपरेतील 'डीप ब्लू'ने मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला गॅरी कास्पारॉव्हला ३½–२½ असे हरवले, तेव्हा त्याच्या ४८० चिप मिळून सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत होत्या.

पण याच घराण्याची १९९५ मधील हाँगकाँगची कथा फारशी सांगितली जात नाही. तेथील जागतिक स्पर्धेत 'डीप ब्लू'ची प्राथमिक आवृत्ती साध्या पेंटियम पीसीवर चालणाऱ्या 'फ्रिट्झ'कडून हरली आणि विजेतेपद फ्रिट्झने नेले. एका डावावरून कोणतीही अनुमाने काढू नयेत, हे मला मान्य आहे. तोच डाव शंभरदा झाला असता तर निकाल निराळा दिसला असता. तथापि पुढच्या दशकाने जे दाखवले ते एका डावापुरते नव्हते. २००६ मध्ये बॉनला तत्कालीन विश्वविजेता व्लादिमिर क्रामनिक 'डीप फ्रिट्झ'विरुद्ध २–४ असा हरला. तो प्रोग्रॅम बाजारात मिळणाऱ्या प्रोसेसरवर चालत होता आणि सेकंदाला कोटीच्या आतबाहेर स्थिती पाहत होता, म्हणजे 'डीप ब्लू'च्या जेमतेम विसाव्या हिश्श्याने. २००९ मध्ये ब्युनॉस आयर्समधील एका स्पर्धेत मोबाइल फोनवर चालणाऱ्या 'पॉकेट फ्रिट्झ ४'ने १० पैकी ९½ गुण मिळवले, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला २० हजार स्थितींपेक्षाही कमी होता. समोर कास्पारॉव्ह नव्हता, हे खरे. तरी वेगातील दहा हजार पटींची तूट प्रोग्रॅमच्या शहाणपणाने किती भरून निघू शकते, याचा अंदाज त्यावरून येतो.

यंत्र आणि प्रोग्रॅम यांचे श्रेय वेगळे करावे, अशी मागणी या क्षेत्रातील लोकांनी स्वतःच अनेकदा केली आहे. बलाढ्य प्रोग्रॅम अनेक संगणकांच्या जाळ्यावर खेळू लागले तेव्हा २००९ च्या पाम्प्लोना येथील जागतिक स्पर्धेत प्रत्येकाला ८ कोअरची, म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणाऱ्या ८ भागांची, मर्यादा घालण्यात आली. त्यावरून वाद झाला, मर्यादा टिकली नाही, आणि पुढे सर्वांना समान यंत्र देणारी एक वेगळी स्पर्धा सुरू करावी लागली. ज्यांचे आयुष्य यात गेले त्यांनाही खुली स्पर्धा खरी की समान यंत्रावरची खरी, याचा निकाल लावता आला नाही आणि दोन्ही ठेवाव्या लागल्या. आपल्या लेखात मात्र 'जगातील पहिल्या क्रमांकाचा प्रोग्रॅम' हा शब्दप्रयोग कोणत्याही अटीविना आला आहे.

क्रमवारी तयार करणाऱ्या संस्थांनी ही अडचण कशी हाताळली, हे पाहण्यासारखे आहे. स्वीडनमधील एसएसडीएफ या हौशी मंडळींच्या संघटनेने १९८४ पासून प्रोग्रॅमची यादी ठेवली. तिच्या प्रत्येक ओळीत प्रोग्रॅमचे नाव आणि आवृत्ती यांच्या जोडीला प्रोसेसर, त्याचा वेग आणि बहुधा मेमरीही लिहिलेली असे. एकच प्रोग्रॅम जुन्या आणि नव्या यंत्रावर दोन वेगळ्या स्थानी दिसे, आणि माझ्या मते या विषयातील ती सर्वांत प्रामाणिक मांडणी होती. त्यांची अडचण वेगळीच होती: नव्या यंत्रावरचे नवे प्रोग्रॅम जुन्या यंत्रावरच्या जुन्या प्रोग्रॅमशी खेळत, त्यामुळे मिळालेले गुण वेगाचे किती आणि हुशारीचे किती, हे प्रत्येक वेळी सोडवून घ्यावे लागे.

आज अधिक पाहिली जाणारी सीसीआरएल ही यादी निराळ्या पद्धतीने चालते. जगभरचे स्वयंसेवक आपापल्या घरच्या संगणकांवर डाव खेळवतात आणि ज्याचे यंत्र वेगवान त्याने प्रोग्रॅमना तेवढा कमी वेळ द्यायचा, असा नियम आहे. यासाठी एक प्रमाण यंत्र ठरवलेले असते. पूर्वी ते २.४ गिगाहर्ट्‌झचे अ‍ॅथलॉन होते, आता इंटेल आय७-४७७०के आहे. आपले यंत्र प्रमाण यंत्राच्या किती पट वेगवान, हे मोजण्यासाठी एक ठरावीक बुद्धिबळ प्रोग्रॅम दोन्हीकडे चालवून पाहतात. पूर्वी तो 'क्राफ्टी' होता, नंतर 'स्टॉकफिश'. पद्धत सोयीची आणि एकंदरीत न्याय्य आहे, पण तिच्यात एक फट आहे. मोजमाप ज्या प्रोग्रॅमने केले, त्याच्या दृष्टीने यंत्र किती वेगवान आहे एवढेच त्यातून कळते, आणि दुसऱ्या प्रोग्रॅमच्या दृष्टीने तेच यंत्र तितकेच वेगवान असेल असे नाही.

हा मुद्दा थोडा विस्ताराने सांगतो, कारण लेखकाचे गृहीतक नेमके येथे कोसळते. बुद्धिबळाच्या पटावर ६४ घरे असतात. काही प्रोग्रॅम 'सगळी पांढरी प्यादी कुठे आहेत' यासारखी माहिती ६४ बिटांच्या एका संख्येत साठवतात. ३२ बिटांच्या प्रोसेसरवर अशा संख्येचे दोन तुकडे करून काम करावे लागते, तर ६४ बिटांच्या प्रोसेसरवर ते एका दमात होते. साहजिकच घरोघरी ६४ बिटांचे प्रोसेसर आले, तेव्हा या पद्धतीच्या प्रोग्रॅमनी एकदम उडी घेतली, आणि ज्यांनी पटाची माहिती साध्या तक्त्यात ठेवली होती त्यांना त्या बदलाचा फारसा लाभ झाला नाही. दोघांपुढे यंत्र तेच होते.

२०२० नंतर हा भेद आणखी ठळक झाला. जपानमध्ये यू नासू यांनी २०१८ मध्ये शोगी या बुद्धिबळासारख्या जपानी खेळासाठी सामान्य प्रोसेसरवर झपाट्याने चालणारे एक छोटे न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून स्थितीचे मोल ठरवायला शिकलेली गणिती रचना, तयार केले, आणि तीच कल्पना सप्टेंबर २०२० मध्ये 'स्टॉकफिश १२'मध्ये आली. त्यामुळे स्टॉकफिशचा सेकंदाला तपासल्या जाणाऱ्या स्थितींचा आकडा खाली आला, पण खेळ एकदम वरच्या पातळीवर गेला. हे नेटवर्क प्रोसेसरमधील अशा सूचनांवर अवलंबून असते, ज्या एकाच वेळी अनेक आकड्यांवर क्रिया करतात. ज्या जुन्या संगणकात या सूचना नाहीत, त्यावर नेटवर्कची किंमत कितीतरी जास्त मोजावी लागते. स्टॉकफिश उतरवून घेताना वेगवेगळ्या प्रोसेसरसाठी वेगवेगळ्या फाइल दिसतात त्या याचसाठी. चुकीची फाइल निवडली तर चांगल्या संगणकावरही प्रोग्रॅम अर्धवट ताकदीने खेळतो, आणि पडद्यावर तसे काहीच कळत नाही. महागडे ग्राफिक्स कार्ड घेण्याचा सल्ला देण्याआधी लेखकाने एवढी फुकटातली गोष्ट सांगितली असती, तर अधिक पालकांचा फायदा झाला असता.

ग्राफिक्स कार्डाचा प्रश्न मुख्यतः 'लीला चेस झीरो'मुळे आला. डीपमाइंड कंपनीच्या, स्वतःशीच खेळून शिकलेल्या 'अल्फाझीरो' या प्रोग्रॅमच्या धर्तीवर स्वयंसेवकांनी २०१८ मध्ये उभारलेला हा प्रोग्रॅम फार थोड्या स्थिती पाहतो, पण प्रत्येक स्थितीचा अंदाज मोठ्या न्यूरल नेटवर्ककडून घेतो. ते काम ग्राफिक्स कार्डावर वेगाने होते; साध्या प्रोसेसरवर तो अक्षरशः रांगतो. टीसीईसी या बुद्धिबळ प्रोग्रॅमांच्या स्पर्धेच्या १५ व्या मोसमात, २०१९ मध्ये, लीलाने स्टॉकफिशला ५३½–४६½ असे हरवले, कारण आयोजकांनी तिला ताकदवान ग्राफिक्स कार्डे आणि स्टॉकफिशला अनेक कोअरचा प्रोसेसर दिला होता. त्याच सुमारास घरच्या साध्या लॅपटॉपवर हे दोघे समोरासमोर आले असते, तर स्टॉकफिश सहज जिंकला असता. या दोहोंपैकी कोणती क्रमवारी खरी? दोन्ही खऱ्या आहेत, आणि म्हणूनच यंत्र सांगितल्याशिवाय कोणतीही एक छापणे दिशाभूल करणारे आहे.

लेखात अल्फाझीरोच्या विजयाचा उल्लेख आहे. त्याचीही दुसरी बाजू सांगायला हवी. डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर झालेल्या १०० डावांत अल्फाझीरोने स्टॉकफिश ८ विरुद्ध २८ डाव जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले आणि एकही गमावला नाही. अल्फाझीरो सेकंदाला सुमारे ८० हजार स्थिती पाहत होता, स्टॉकफिश सुमारे ७ कोटी. हे आकडे शेजारी ठेवले की अल्फाझीरोने अपुऱ्या साधनांवर विजय मिळवला असा समज होतो, आणि आपल्या लेखकाचाही तसाच झालेला दिसतो. प्रत्यक्षात अल्फाझीरोकडे ४ टीपीयू, म्हणजे न्यूरल नेटवर्कसाठीच घडवलेल्या चिप होत्या, तर ६४ थ्रेडवर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या ६४ धाग्यांवर, खेळणाऱ्या स्टॉकफिशला स्थिती लक्षात ठेवायला केवळ १ जीबी मेमरी मिळाली होती. इतक्या वेगाने चालणारा प्रोग्रॅम ती पाहता पाहता भरून टाकतो आणि मग त्याला आधी केलेले काम पुन्हा करावे लागते. शिवाय दर चालीला ठरलेला १ मिनिट दिल्यामुळे कठीण क्षणी जास्त वेळ घेण्याचे त्याचे कौशल्य वाया गेले. जाणकारांनी आक्षेप घेतले; २०१८ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या सविस्तर निबंधात ४४ कोअर, ३२ जीबी मेमरी आणि स्पर्धेसारखा वेळ देऊन खेळवलेल्या १००० डावांची माहिती आली. त्यांत अल्फाझीरोने १५५ जिंकले आणि ६ गमावले. प्रतिस्पर्ध्याच्या दशांश वेळातही तो वरचढ राहिला. मेमरी आणि वेळ यांविषयीचे आक्षेप यामुळे मिटले, असे मला वाटते. पण ४ टीपीयू म्हणजे किती प्रोसेसर, हा प्रश्न तसाच राहिला. बरोबरी किमतीत मोजायची, विजेच्या वापरात की सेकंदाला होणाऱ्या गणितांत? प्रत्येक मापाने उत्तर वेगळे येते आणि यांपैकी एकच माप योग्य असे म्हणायला आधार नाही.

वेगाचा आणखी एक परिणाम लेखात नाही. यंत्र जितके वेगवान आणि वेळ जितका जास्त, तितके बलवान प्रोग्रॅमांमधील डाव बरोबरीत सुटतात, आणि बरोबरी वाढली की गुणांतले अंतर आकसते. जलद डावांत एकमेकांपासून शंभर गुण दूर असलेले दोन प्रोग्रॅम मोठ्या यंत्रावर, मोठ्या वेळात जवळजवळ बरोबरीचे भासू शकतात. टीसीईसीला यामुळेच मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या सुरुवाती देऊन त्यांवरून डाव खेळवावे लागतात, नाहीतर निकालच लागत नाहीत. कोअरच्या संख्येचेही असेच आहे. एका कोअरऐवजी ६४ कोअर दिले म्हणून खेळ ६४ पट वेगाचा होत नाही, कारण अनेक कोअर तीच शाखा पुन्हा तपासण्यात वेळ घालवतात, आणि हा अपव्यय टाळण्याचे कसबही प्रत्येक प्रोग्रॅमकडे वेगवेगळे असते.

आता पालकांना दिलेल्या सल्ल्याविषयी. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकल्यापासून आपल्याकडे मुलांना बुद्धिबळाच्या वर्गाला घालण्याचे प्रमाण वाढले आहे, आणि लेखातला सल्ला याच पालकांपर्यंत पोहोचणार आहे. विश्वविजेतेपदाच्या लढतीची तयारी करणारे संघ मोठी यंत्रे वापरतात ते योग्यच आहे. सुरुवातीच्या पंचविसाव्या चालीवर प्रतिस्पर्ध्याला चकवायचे तर आणखी दोन पायऱ्यांचेही मोल असते. परंतु दीड हजार गुणांच्या आसपास खेळणाऱ्या मुलाचा घोडा फुकट का गेला, हे सांगायला साध्या मोबाइलवरचा स्टॉकफिशही गरजेपेक्षा कितीतरी जास्त बलवान आहे, आणि वेग दहा पट केला तरी त्या उत्तरात सहसा काही फरक पडणार नाही. क्रमवारीतला पहिला प्रोग्रॅम मिळावा म्हणून ग्राफिक्स कार्ड घेण्यात तर दुहेरी घोटाळा आहे: कार्डाचा उपयोग लीलासारख्या प्रोग्रॅमला होतो, स्टॉकफिश त्याला हातही लावत नाही.

आपल्या बुद्धिबळाच्या सदरात डावांच्या टिपणांमध्ये 'संगणकाच्या मते पांढऱ्याला स्पष्ट वर्चस्व' अशी वाक्ये अलीकडे वारंवार येतात. कोणता संगणक, कोणता प्रोग्रॅम, त्याची कोणती आवृत्ती, आणि त्याला किती वेळ दिला, हे त्यात कधीच नसते. दोन सेकंदांत मोबाइलने दिलेले मत आणि मोठ्या यंत्रावर रात्रभर चालवून मिळालेले मत हे दोन्ही एकाच शब्दांत छापले जात आहे. 'स्टॉकफिश १७, ८ कोअर, ५ मिनिटे' एवढी एक ओळ टिपणाखाली दिली तर जागा फारशी लागणार नाही, आणि ज्या वाचकाला पडताळून पाहायचे असेल त्याला ते करता येईल. क्रमवारी छापताना तर यंत्र आणि वेळ यांचा उल्लेख असल्याशिवाय ती छापू नये, अशी माझी विनंती आहे. पुरवणीच्या संपादकांनी तिचा विचार करावा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक बुद्धिबळप्रेमी वाचक, नाशिक